केसवाले गोटे

झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला आमच्याकडं गोटा म्हणतात. डोक्यावरचे सगळे केस उतरवले तरी त्याला गोटाच म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या एका शब्दानं घातला आहे आणि दोष मात्र मला मिळाला आहे.

मी धाराशिवात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि गाडी जोरात चालवते. दोन्हीबद्दल लोक एकाच चेहऱ्यानं विचारतात, "कशासाठी?" गाडी छोटीच आहे, पण इंजिन टर्बो आहे. लग्नाचं विचारू नका, गाडीचं विचारा, असं मी पाहुण्यांना तोंडावर सांगते. पाहुणे मग आईला विचारतात.

आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर ट्रक चालवत होते. ऊस, साखर, कांदा, आणि एकदा अख्खं लग्नाचं वऱ्हाड. डोळ्यांमुळं स्टेअरिंग सुटलं, पण ड्रायव्हरकी सुटली नाही. मला गाडी त्यांनीच शिकवली, परंड्याच्या रस्त्यावर. माझ्या गाडीत मात्र ते कायम मागच्या सीटवर बसायचे. पुढं डावीकडं बसा म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"ती क्लीनर साइड हाय. म्या काय क्लीनर न्हाय."

मागं बसून ते जमेल तितक्या कमी शब्दांत माझं शिक्षण चालू ठेवायचे. "गेर." "डबरा." "म्हस." मला म्हैस दिसत असते. म्हैस काय बारीक वस्तू नाही. पण माझ्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. आप्पांनी एकदा म्हणावं की पोरगी गाडी नीट चालवते. बास, एवढंच. एका अनोळखी पिकअपवाल्याला त्यांनी "हात बरा हाय" म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. त्या पिकअपवाल्याचा मला अजून राग आहे.

अशात मला कळलं की सोलापूरच्या पलीकडं, कर्नाटकात, एका हौशी माणसानं माळरानावर गाड्या पळवायचा ट्रॅक बांधलाय. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस कुणीही आपली रोजची गाडी घेऊन यावं आणि मनसोक्त पळवावी. शेजारी एक माणूस बसवता येतो. मी त्याच दिवशी नाव घातलं. आप्पांना शेजारी बसवायचं आणि दाखवायचंच, असं ठरवलं. फक्त गाडीची टायरं संपली होती.

आता टायर निवडणं हे स्थळ बघण्यासारखं आहे. सगळे गुण एकात मिळत नाहीत आणि सांगणारा प्रत्येक जण तुमच्यापेक्षा शहाणा असतो. रबर मऊ असेल तर रस्ता घट्ट धरतं, पण लवकर झिजतं. कडक असेल तर वर्षानुवर्षं टिकतं आणि वळणावर दगा देतं. वरच्या खाचा पाणी बाहेर टाकायला असतात. कोरड्या रस्त्यावर त्याच खाचा म्हणजे फुकट गेलेली जागा, तेवढं रबर रस्त्याला टेकतच नाही. टायरची बाजूची भिंत मऊ असेल तर खड्डे सुसह्य होतात, पण जोरात वळवलं की टायर मुडपतं. मला रोज कॉलेजला न्यायलाही तेच टायर हवं होतं आणि ट्रॅकवर पळायलाही तेच. दोन संसार एका पगारात करण्यातला प्रकार.

आधी गावातल्याच दुकानात गेले.

"जयभीम म्याडम, बसा. कशाला पायजेत?"

"ट्रॅकला."

"ट्रॅक्टरला? म्होरची का मागची?"

"ट्रॅक्टर नाही हो. ट्रॅक. शर्यत लावतात तो."

दुकानदाराचा चेहरा उजळला. "आस्सं व्हय! मंग आधी बोलायचं की. बैलगाडीची हायत आपल्याकडं, जुनी, पर चांगली."

मी चहा पिऊन परत आले. बैलगाडीचं टायर हात लावून बघितलं, हे कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी मोबाइलवर टायरं बघत बसले आणि माझी बुद्धी फिरली. मधली वाट होती. रस्त्यावर जोरात चालवण्यासाठीच बनवलेली टायरं मिळतात, मऊ रबर, कडक भिंत, बेताच्या खाचा. पण त्यांच्या पुढच्याच पानावर ट्रॅकची टायरं होती. जवळजवळ गुळगुळीत, खाचा नावापुरत्या, कोरड्या रस्त्यावर पकड अशी की वळणावर माणसाची मान सुटून पडावी. मला हाव सुटली. चार मागवली पुण्याहून. किमतीचं इथं लिहीत नाही, आई वाचते.

टायरं घरी पोचली तेव्हा मी वर्गात घर्षण शिकवत होते.

पुढचं मला आईनं सांगितलं. आप्पांनी कागद सोडला, टायरावर हात फिरवला आणि त्यांचा चेहराच पडला. गोटा! चारी गोटे! पण त्याच वेळी टायराला केस होते. नवं टायर साच्यातून निघताना त्यावर रबराचे बारीक केस राहतात, आणि केस बघूनच आमच्याकडं टायर नवं की जुनं ते ठरवतात. आप्पांनी उभ्या आयुष्यात शेकडो टायरं बघितली होती. केस असलेला गोटा बघितला नव्हता.

"केसं बी हायत आन गोटा बी हाय," ते आईला म्हणाले. "पुन्यावाल्यानं जुन्या टायराला केसं चिकटवून पोरीला फशिवलं."

खात्री करायला त्यांनी चार-दोन केस उपटले. ते सहज निघाले. ते कुठल्याही नव्या टायराचे निघतात, पण तेवढ्यानं गुन्हा शाबीत झाला.

ढोकीला कारखान्याच्या रस्त्यावर आप्पांचे एक जुने दोस्त आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. उसाच्या ट्रॉल्यांच्या गोटा झालेल्या टायरांवर तापलेल्या पात्यानं नव्या खाचा कापून द्यायचं, म्हणजे बटनं पाडायचं, त्यांचं काम. आप्पांनी टमटम बोलावली, चारी टायरं वर घातली आणि निघाले. चाचांनीही टायरं बघितली आणि म्हणाले, "पूरा गोटा है ये तो." दोन अनुभवी माणसांचं एकमत झालं. माझ्या नशिबात ते नेमकं तेव्हाच व्हायचं होतं.

मी घरी आले तर भिंतीला चार टायरं ओळीनं लावलेली. प्रत्येकावर या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चर. खोल. इतके खोल की आतला दोरा दिसत होता, म्हणजे चारी टायरं बाद. केस काढून टाकले होते. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, पाहुण्यांना सून दाखवतात तसे.

"बघ. बटनं पाडून आनली. आता कसं टायरावानी दिसाय लागलं."

"आप्पा, ही नवी होती."

"केसं चिकटवल्याली व्हती."

"ती गुळगुळीतच असतात हो! तशीच बनवतात!"

"गोटा कोन इकत घेतंय?"

"मी!"

आप्पांना वाटलं मी थट्टा करते. ते हसले, मग माझ्याकडं बघून थांबले. मला इतका संताप आला होता की मी आत जाऊन दार आपटायला गेले. आमचं दार ओलीनं फुगलंय, ते आपटत नाही. दोनदा ओढून बघितलं, आणि शेवटी खांदा लावून हळूच बंद केलं. बाहेर आई हसली ते मला ऐकू आलं.

अबोला सुरू झाला. आप्पा आईमार्फत विचारायचे, "तिला म्हनावं, ज्येवली का." मी आईमार्फत सांगायचे की जेवले. जागा तीच, ताटं समोरासमोर. आई वैतागून म्हणाली, "माझं इथं टपालखातं न्हाय." ट्रॅकचा दिवस जवळ आला होता आणि मला खरोखर वाईट वाटत होतं. टायरांचं कमी. आप्पांना माझ्याबद्दल पहिली शंका आली ती हीच, की पोरगी फसली असणार. ते मला लागलं होतं.

मग एका सकाळी आप्पा थेट माझ्याशी बोलले.

"चल सोलापूरला. म्या बी येतो. तुला गोटा पायजे तर गोटा घेऊ. पर ह्या बारीला मला आधी सांगायचं, ह्यो गोटाच हाय म्हनून."

सोलापूरच्या दुकानात मी गोटे घेतले नाहीत. मधलीच वाट घेतली. ट्रॅकपर्यंत जायचं ते रस्त्यानंच, आणि त्या रस्त्यावर हंगामात उसाचं पाचट, ट्रॅक्टरनं आणलेला चिखल, वर अवकाळी पावसाची भीती. गुळगुळीत टायर तिथं साबणावर उभं राहिल्यासारखं. फिजिक्स मला हे पहिल्यापासून सांगत होतं, मी त्याला गप्प बसवलं होतं. पण आप्पा बरोबर होते असं मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर ते एवढा भाग कापून खिशात ठेवतील आणि गावभर दाखवतील. ते बरोबर नव्हतेच. त्यांनी कोरी टायरं कापली.

दुकानातल्या मुलीनं मऊ रबर, कडक भिंत, पावसातली पकड असं सगळं छान समजावलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"केसं ओरिजनल हायत न्हवं?"

ती मुलगी थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मी चप्पल बघत राहिले.

ट्रॅकवर गेलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तिथल्या माणसानं सांगितलं की मागं कुणी बसायचं नाही, बसायचं तर पुढं डावीकडं, हेल्मेट घालून. आप्पांनी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, हेल्मेट चढवलं आणि उघड्या दारातून त्या सीटकडं बराच वेळ बघितलं.

"क्लीनर साइडला?"

"हो."

"मंग क्लीनरचं काम करावं लागंल," असं म्हणून ते बसले.

मला वाटलं गंमत करतायत. पण पहिल्या वळणावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर थाप मारली. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… हां, काढ!" मी काढली. मागून एक महागडी गाडी भरधाव आली, तर आप्पा हेल्मेटासकट खांद्यापर्यंत बाहेर. "जाऊ दे, जाऊ दे! पोट दुखाय लागलंय त्याचं!" आणि हाताची मोठमोठी वर्तुळं. झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वाटलं, आतल्या म्हाताऱ्या माणसाला काहीतरी झालंय. त्यानं लाल झेंडा दाखवला. सगळा ट्रॅक थांबला. चार माणसं आणि एक डॉक्टर पळत आले.

"काका, छातीत दुखतंय का?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "म्या साइड दिली."

त्यानंतर काच वर करायची सक्ती झाली. आता आत फक्त इंजिनाचा आवाज आणि आम्ही दोघं. मी जोर वाढवला. लांबच लांब वळणावर टायरं बारीक कुरकुरली, पण जागा सोडली नाही. स्टेअरिंगमधून मला रस्ता कळत होता, रबर कुठं ताणलंय ते कळत होतं. मी आनंदात होते.  आप्पांची नजर समोर, हात मांडीवर.

थांबल्यावर ते उतरले. चारी टायरांवर एकेक करून तळवा ठेवला.

"तापल्यात," म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

मी त्यांच्यामागं चहाला गेले, समोर बसले, बिस्कीट पुढं केलं. ते ट्रॅकच्या मालकाशी पाऊसपाण्याचं बोलले. कर्नाटकातल्या डिझेलबद्दल बोलले. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मला रडू आलं नाही, पण यायच्या तयारीत होतं. एवढं सगळं करून "तापल्यात"? तापल्यात हे मलाही माहीत होतं, मी फिजिक्स शिकवते!

परत निघताना ते न विचारता पुढंच बसले. मी घुश्शातच गाडी काढली. सोलापूर मागं पडलं. रस्त्यात खड्डा आला, मी चुकवला. आवाज नाही. पुढं खरोखरच म्हैस आडवी आली. मी ब्रेक लावला आणि वाट बघितली. तरी आवाज नाही. तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर आईचा फोन वाजला. मी आवाज बारीक केला.

"कुठवर आलाव? आप्पाला दे की."

मी डावीकडं बघितलं. "झोपलेत."

"कुठं?"

"इथंच. माझ्या शेजारी."

"गाडी हुबी हाय व्हय?"

"नाही. चालू आहे."

आईचा आवाज एकदम बदलला. 

"चालत्या गाडीत? अगं, दुसऱ्याच्या हातात गाडी असली की ह्या मान्साचा डोळा लागत न्हाय. आमच्या लग्नाच्या वऱ्हाडात समदे झोपले, ह्यो नवरदेव ताठ बसून ड्रायव्हरकडं बघत व्हता. आजवर कंदी झोपल्याला बघितला न्हाय म्या. तू आधी नाकाम्होरं हात धर बरं. श्वास चालू हाय का बघ!"

मी हात धरला. तोंड उघडं, मान माझ्याकडं कललेली, आणि घोरण्याचा गरम वारा बोटांना लागत होता.

"चालू आहे," मी म्हणाले. पुढं रस्ता मोकळा होता, टायरं अजून गरम होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम गाडी हळू केली.