तोंडपाठ उत्तर
कन्हानहून आलेल्या एका फिरत्या उपदेशकाने माझ्या आईला फसवले आणि मी, जुन्या खुर्चीचाही भाव अर्ध्यावर आणणारा माणूस, शेजारी उभा राहून बघत राहिलो. गुलाबाच्या तेलाचा वास आला की सत्तरच्या दशकातली ती दुपार अजून डोक्यात जाते. सदर भागातल्या आमच्या खोलीत ओल्या वाळ्याचा गारवा होता. त्याने आईच्या कपाळाला ते तेल लावले आणि सांगितले, की मरणाआधी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षारस, न घेता वारलेल्या नवऱ्याला क्षमा हवी असेल तर लग्नातली अंगठी अर्पण करावी लागेल. "काहून देऊन राहिली वं माय?" मी ओरडलो. "तुले भाव समजते गा, धर्म नाही समजत," म्हणत तिने साबण लावून अंगठी बोटातून काढली. खरेच समजत नव्हता, म्हणून मी तिला अडवले नाही. रविवारी मी आमच्या चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, गाठले. ते हळहळले, "अहो, क्षमा कृपेने मिळते, मोल देऊन नाही. आईंना तर धर्माच्या प्रश्नोत्तरीतलं हे उत्तर तोंडपाठ आहे, लहानपणी चर्चच्या शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालंय त्यांना!" घरी आईने ते उत्तर म्हणायला सुरुवात केली आणि मधेच थांबून रिकाम्या बोटाकडे पाहिले. उपदेशक पुन्हा दिसला नाही. आज म्हातारपणी त्याच्यावरचा राग निवला आहे. पण ज्यांनी आईकडून ते शब्द पाठ करून घेतले, बक्षीसही दिले आणि अर्थ मात्र कधी सांगितला नाही, त्यांनी मला जाब द्यावा.