उंबऱ्यावरच्या पाठी

माझ्या रोह्याच्या दवाखान्यातल्या पलंगाला डोक्याच्या बाजूला एक भोक आहे. पेशंटने पालथं पडायचं, त्या भोकात तोंड घालायचं आणि खालची फरशी बघत राहायचं. बायका विचारतात, हे कशाला? मी सांगते, मान वाकडी होऊ नये म्हणून. ते खरंच आहे. पण दुसरंही एक कारण आहे, ते मी कुणाला सांगत नाही. पालथ्या माणसाला माझा चेहरा दिसत नाही. फिजिओथेरपीत वीस वर्षं होत आली, आणि ही सोय मला अजून लागते.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. आमचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, चहूकडे मिठागरं. तिथे पायाळू मूल म्हणजे अर्धा वैद्यच. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूचा पाय लावायचा आणि उसण उतरायची. नियम ठरलेले होते. यायचं ते सकाळीच, तोंड न धुता. आमच्या उंबऱ्यावर पालथं पडायचं, डोकं ओटीवर, पाय घरात. मी कमरेत डावा पाय तीनदा ठेवायचा. कुणी बोलायचं नाही. काम झालं की उठायचं आणि मागे वळून न बघता चालू पडायचं.

मला या सगळ्याची भारी मिजास होती. विजा चमकायला लागल्या की मला अंगणात जायची बंदी, कारण वीज पायाळूला शोधत येते म्हणे. त्याचीही मिजास. शाळेतल्या पोरींना मी दम द्यायचे, जास्त बोललीस तर लाथ घालीन आणि बरी करून टाकीन.

मी नऊ वर्षांची असताना मिठागरावर पाट्या वाहणारी एक काकी आली. दांडगी बाई, हसली की अर्ध्या गावाला ऐकू जायचं. महिनाभर तिची पाठ दुखत होती. ती उंबऱ्यावर पडली, मी पाय ठेवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा खालून माझ्या तळपायाला कुणीतरी तळपाय लावला.

हे मी आजही दुसऱ्या शब्दांत सांगू शकत नाही. तिच्या कातडीखाली, उलटं, कुणीतरी उभं होतं. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा. गार. मी पाय उचलला नाही, कारण त्याने त्याचा उचलला नव्हता.

नियम मोडून मी मोठ्यांदा बोलले, "आत कोनतरी हाय."

काकी हसली नाही. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कोन गो?"

"म्हाईत नाय. उभा हाय. पायाला पाय लावून."

आईने मला बखोटीला धरून आत ओढलं. काकी उठली आणि मागे न बघता गेली, नियमाप्रमाणे. पुढचा मिठाचा हंगाम तिने पाहिला नाही. दुसऱ्या कुठल्याशा जागचा रोग मणक्यात उतरला होता, हे मागाहून मोठ्या दवाखान्यात कळलं. गावाने मात्र रोगाचं नाव लक्षात ठेवलं नाही, माझं वाक्य लक्षात ठेवलं. बायका मला बघून पोरांना पदराआड घ्यायला लागल्या. तरीही काही दिवसांनी एक म्हातारा उसण घेऊन आला. आई दारात आडवी उभी राहिली. अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "पोरीचा पाय आता चालत नाय."

ते खोटं होतं आणि ते ती माझ्यासाठी बोलली होती. त्यानंतर कुणी आलं नाही.

पुढे मी शिकले. माणसाची पाठ म्हणजे किती मणके, किती स्नायू, कुठली नस कुठे जाते, हे पाठ केलं. दुखणाऱ्या जागेभोवती स्नायू आपोआप कडक होतात, हात लावला की उलटे ढकलतात, हेही शिकले. त्या दिवशी माझ्या पायाला तेवढंच लागलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. हाताने मी हजारो पाठी चाचपल्या. हाताला कधी काही भेटलं नाही. पाय मात्र मी कुणाच्या पाठीला परत लावला नाही.

एका माणसाने मला कधीच पाठीला हात लावू दिला नाही. आईने. गुडघे दाखवायची, खांदा दाखवायची, पण पाठीकडे हात गेला की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो, तुझे हात गार असतात." मला राग यायचा. लोक लांबून लांबून माझ्याकडे येतात आणि घरच्या बाईला मी चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिची पाठ दुखायला लागली. मला तिने सांगितलं नाही. शेजारच्या सुनेने तिला मोबाइलवर पेणच्या एका कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ दाखवला. माणूस आडवा, डॉक्टर एक झटका देतो, कडाक, आणि माणूस उठून हसतो. आई एकटी एसटीने पेणला गेली आणि पाठ कडकड वाजवून घेऊन आली. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना, तेव्हा सुनेने मला फोन केला.

मी पेणला भांडायला गेले. माझं भांडण चांगलं असतं. पण समोर बसलेला पोरगेला माणूस नम्र निघाला. मी विचारलं, शिक्षण काय? त्याने लपवलं नाही. आधी मसाज शिकलो, मग काही आठवड्यांचा कोर्स, मग सराव. "मॅडम, मी त्यांना आधी विचारलं होतं, काही आजार आहे का? नाय म्हणाल्या."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात."

मी उठले, तेव्हा तो दाराशी येऊन म्हणाला, "एक जागा वाजली नाही. कमरेच्या थोडी वर. बाकी सगळं वाजलं. तिथे मी दाबलं तर..." त्याने तळहात हवेत सपाट धरला. "खालून कुणीतरी तळहात लावल्यासारखं झालं. मी दुसऱ्यांदा तिथे हात लावला नाही."

भर दुपारी, रिक्षांच्या हॉर्नात, माझ्या अंगावर काटा आला.

माझ्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी एक कायरोप्रॅक्टर बाई बसायच्या. पाटीवर शब्द तोच, पेणच्या पोराच्या पाटीवरचा. बाई इथल्याच एका ज्यू घराण्यातल्या. घराणं सगळं निघून गेलं, एक म्हातारी मावशी तेवढी रोह्यात उरली, तिला सांभाळायला त्या वर्षभरासाठी आल्या होत्या. परदेशात पाच वर्षं पूर्ण वेळ शिकलेल्या. मराठी आजीकडून ऐकलेली, तेव्हा बोलायला लागल्या की मेलेली माणसं बोलल्यासारखं वाटायचं. आमच्या आजीच्या पिढीबरोबर गेलेले शब्द त्यांच्या तोंडात ताजे होते.

चहा घेताना मी त्यांना डिवचायचे, तुमच्यात खरा कोण आणि हाडं वाजवणारा कोण, हे गरीब माणसाने ओळखायचं कसं? त्या रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, वाजतं ते हाड नव्हेच, सांध्यातल्या द्रवात बुडबुडा होतो त्याचा आवाज. कुणी झटका देतो. कुणाचा पलंगच दोन बोटं खाली पडतो, धप्प, आणि झटक्याचं काम तोच करतो. कुणाकडे पेनाएवढं स्प्रिंगचं यंत्र असतं, त्याने टकटक करतात, म्हाताऱ्यांना तेच बरं. कुणाला सगळी दुखणी मणक्यातच दिसतात. कुणी चार व्यायाम शिकवून घरी पाठवतो, परत येऊ नका म्हणतो. "हात चालवायला लौकर शिकता येते, बाय. हात मागे घ्यायला वर्षे लागतात." मला तेव्हा ते जरा गुळमुळीत वाटलं होतं.

त्या गुरुवारी मी आईला त्यांच्यापुढे बसवलं. पलंगावर घेतलंच नाही त्यांनी. स्टुलावर बसवून विचारत राहिल्या. "रात्रीस दुखण्याने जाग येते काय? कूस पालटली तरी राहत नाही काय? भाकर पहिल्यासारखी जाते काय? लुगडे सैल होते काय?" आई प्रत्येकाला व्हय म्हणत गेली. यातलं मला काहीच माहीत नव्हतं, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग त्यांनी तळहात आईच्या कमरेच्या थोडा वर ठेवला. जेमतेम टेकवला, आणि काढून घेतला. स्वतःच्या ओढणीला पुसला. "आज मी काही करणार नाही. आधी फोटो काढा, एमआरआय. तोवर कुणीही हात लावू नये, तूही नको." शेवटचं मला उद्देशून होतं.

सोमवारची वेळ मिळाली. मी आईला गाडीत घालून गावी निघाले. नागोठणं आलं. संध्याकाळ होती, कंपनीच्या चिमणीवर ज्वाळा पेटलेली होती आणि आंबा नदीचं पाणी त्या उजेडाने लालसर दिसत होतं. ज्वाळेकडे बघत आई म्हणाली, "उद्या सकाळी पाय ठेव."

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"तुझे हात गार नसतात गो," ती म्हणाली. "मीच भीत होते. तू सांगशील म्हणून. आता सांग. मशीन सोमवारी सांगेल ते सांगेल. माझ्या आत कोन आलंय, ते मला आधी माझ्या पोरीकडून कळू दे."

मी चिडले. वेड लागलंय का, मी शिकलेली बाई आहे, त्या बाईंनी हात लावू नका म्हणून सांगितलंय. वडखळपर्यंत मी बोलत होते. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही, आणि त्यावरून मला समजलं की मी पाय ठेवणार आहे.

सकाळी मी उठले तेव्हा ती उंबऱ्यावर होती. डोकं ओटीवर, पाय घरात. आपली आपण कशी आडवी झाली कोण जाणे. दोघींनीही तोंड धुतलेलं नव्हतं. बाहेर उजाडत होतं आणि खाडीवरून चिखलाचा वास येत होता. तिची पाठ केवढीशी झाली होती. याच पाठीवर झोळीत बसून मी मिठागरं बघितली होती. मला रडू आलं आणि मी ते आवाज न करता येऊ दिलं, ती पालथी होती म्हणून.

भार द्यायचा नाही, नुसता टेकवायचा, असं ठरवून मी डावा पाय ठेवला. एकदा. लुगड्याचं सूत आणि मणक्याचा उंचवटा. दोनदा. काही नाही. तिसऱ्यांदा ठेवला.

तो होता. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा, गार. तीस वर्षांपूर्वी तो नऊ वर्षांच्या पोरीच्या पायाएवढा होता. आता तो माझ्याएवढाच होता. माझं माप वाढलं तसं त्याचंही वाढलं होतं.

"हाय का कोन?" आईने ओटीवरच्या शेणाच्या सारवणाला तोंड लावून विचारलं.

मी पाय काढून घेतला. मागे घ्यायला वर्षं लागतात, हे मला तेव्हा पटलं. आवाज सरळ ठेवून मी म्हणाले, "कोन नाय गो आई. नुसती पाठ हाय तुझी."

ती "बरं" म्हणाली आणि तिने मला हात मागितला. मी तिला उठवलं तेव्हा माझा चेहरा मी पुसून घेतलेला होता.

सोमवारी मशीनने सांगितलं. दुसरीकडचा रोग मणक्यात बसला होता, मणका आतून पोखरला होता, पेणला त्याच जागी आणखी एक झटका बसला असता तर ती जागेवर लुळी पडली असती. उपचार झाले, दुखणं पुष्कळ कमी झालं, पण बरं होण्यातलं ते नव्हतं. आईला मी सगळं समजावून सांगितलं. ती ऐकायची आणि मध्येच विचारायची, जेवलीस का.

त्या दिवसांत मी गावीच होते. एका सकाळी शेजारची सून कमरेला हात लावून, वाकडी वाकडी, ओटीवर आली. उसण भरली होती. म्हाताऱ्या बायांनी तिला सांगितलं होतं म्हणे, ही पायाळू आहे, एकदा पाय लावून घे. मी दारात उभी, ती उंबऱ्याशी, वाकायच्या बेतात.

आतून खाटेवरून आई बोलली. आवाज बारीक झाला होता, पण चेहरा अगदी सरळ होता आणि डोळे सुनेवर नव्हते, माझ्यावर होते.

"तिचा पाय आता चालत नाय गो," ती म्हणाली.