हुकमाशिवाय बांधाला हात नाही

"सायेब, बांधाला भोक परलंय. हुकूम द्या."

अलिबागच्या कचेरीच्या ओट्याखाली हिरूबाबा उभे होते. आगरी शेतकरी, गुडघ्यापर्यंत सुकलेला चिखल. तीन कोस चालत आले होते. माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना खुशाल अरेतुरे करी.

"केवढं आहे?"

"सकाली मुठीएवरं व्हतं."

"मग बुजवलं का नाहीस?"

"तुमीच बोल्लाव ना, इचारल्याबिगर हात लावाचा न्हाय."

दहा वाजून गेले होते. अमावास्या होती, म्हणजे बाराच्या सुमारास मोठी भरती. मी टांगा जुंपायला सांगितला.

सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. तिशीच्या सुमारास मी खारबंदिस्तीवर ओव्हरसियर होतो. खारबंदिस्ती म्हणजे खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. खेकडे त्यात बिळं करतात. बीळ ज्याला दिसेल त्याने हाळी द्यायची आणि घरटी एकाने फावडं घेऊन धावायचं, ही गावाची जुनी रीत. ना मुकादम, ना हजेरी.

मला तो सगळा गोंधळ वाटे. त्यात इटलीतल्या एका जुन्या मुत्सद्द्याचं राज्यकारभारावरचं पुस्तक इंग्रजीतून माझ्या हाती पडलं. त्याचं म्हणणं, माणसं मुळात कृतघ्न, भित्री आणि खोटारडी. प्रेम आणि धाक यांतलं एकच साधत असेल तर राजाने धाक धरावा. प्रजेचा द्वेष मात्र ओढवून घेऊ नये, असंही त्याने बजावलं होतं. तेवढं मी सोयीस्करपणे विसरलो आणि चाळीस घरांचा राजा होऊन बसलो. हुकूम काढला, मला विचारल्याशिवाय कुणी बांधाला हात लावायचा नाही.

पहिल्याच महिन्यात हिरूबाबांनी एक भोक आपणहून बुजवलं. काम चोख होतं. मी सगळ्या गावादेखत ते त्यांना हाताने उकरायला लावलं आणि माझ्या हुकमाने पुन्हा भरायला लावलं. त्यांनी दोन्ही केलं. मला वाटलं, जमलं! "व्हेरी गुड डिसिप्लिन," असं इंजिनियरसाहेबही म्हणाले.

टांगा पळवत आम्ही पोचलो तेव्हा भोकाची दहा हात रुंद खांड झाली होती. गाव फावडी घेऊन बांधावर उभं होतं. कुणीही हललं नव्हतं.

"बघता काय? टाका माती!" मी ओरडलो.

सगळे एकदम कामाला लागले. माती पडत होती आणि पाण्याबरोबर वाहून जात होती. पहिलं शेत हिरूबाबांचंच बुडालं. खारं पाणी शिरलेल्या जमिनीत पुढे दोन-तीन वर्षं भात होत नाही.

संध्याकाळी इंजिनियरसाहेबांनी मला विचारलं, "चूक कुणाची?"

"खबर उशिरा मिळाली, साहेब."

"गावकऱ्यांचं स्टेटमेंट घ्या."

गावाने हयगय केली, असं मी लिहिलं. हिरूबाबांनी खाली अंगठा उठवला. काय लिहिलंय, हे विचारलंसुद्धा नाही. माझी नोकरी राहिली. ते मुलांना घेऊन मुंबईला गोदीत हमाली करायला गेले.

धाकाने माणूस सांगितलेलं काम करतो, न सांगितलेलं करत नाही, आणि मातीचे बांध न सांगितलेल्या कामावर टिकतात. बाकी त्या मुत्सद्द्याने वर्णन केलेला भित्रा, खोटारडा माणूस मला त्या गावात एकच भेटला. तो ओव्हरसियरच्या खुर्चीत बसत असे.