नावं ठेवून घेतलेलं

आमच्या कात्रपच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, बाबा ड्रायव्हरला एअरपोर्टचा रस्ता समजावत होते आणि आई मला नावं ठेवत होती. “केस बघ, झिंज्या नुसत्या. बॅग अशी भरतात का? आणि हे जॅकेट! घेताना अस्तर उलटून बघितलंस तरी का?” शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या, सख्खी आई मात्र अस्तरावर अडली होती. टॅक्सी वळेपर्यंत मी फणफणत होते आणि वळल्यावर रडले ती थेट ठाण्यापर्यंत.

पोरींनो, तुम्ही हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर विचारता, ताई, नोकरीचं कसं करू, पैसे कसे साठवू, काय वाचू, काय घेऊन येऊ. मी काही मोठी शहाणी लागून गेले नाही, पण परदेशात, इथे लाइप्झिगमध्ये इतकी वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते. आल्या आल्या गरम कपड्यांवर उधळू नका, एक हिवाळा बघा, मग घ्या. पगार झाला की आधी परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला टाका आणि त्यांना हात लावू नका. मी टाकले होते, म्हणून बाबा गेले तेव्हा निदान पोचले तरी. भाषा येण्यासाठी लहान मुलांची पुस्तकं वाचा. लायब्ररीत शेंबड्या पोरांच्या शेजारी बसून मी अस्वलाच्या गोष्टी वाचल्यात, लाज कसली त्यात! आणि नोकरीत जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगून टाका. इथे लोक बोललेला शब्द खरा धरतात.

हे शेवटचं मला बाजारात कळलं. खरेदी मी आईकडून शिकले, उल्हासनगरच्या कापड बाजारात. तिचा नियम होता, जे मनात भरलं त्याला आधी नावं ठेवायची. रंग जाईल, पोत हलका आहे, काठ बघा कसा आलाय. न आवडलेल्या साडीकडे ती ढुंकूनही बघायची नाही. मग उठायचं, निघायचं आणि चार पावलांवर चपलेचा पट्टा सारखा करायला वाकायचं. म्हणजे दुकानदाराला हाक मारायला वेळ मिळतो. तो सिंधी काका मारायचाच, “अदी, सुनो तो!” अदी म्हणजे ताई. मग आई वळून म्हणायची, “फायनल बोलो.”

लाइप्झिगच्या जुन्या बाजारात एका आजींकडची निळी रजई माझ्या मनात भरली. मी मोडक्या जर्मनमध्ये सुरू केलं, शिवण उसवली आहे, रंग उडालाय. आजींनी रजई निरखून बघितली, “खरंच की,” म्हणाल्या आणि घडी घालून खोक्यात ठेवून दिली. मी चार पावलं गेले, बुटाची नाडी बांधली. हाक कुठली यायला! त्यानंतर मी सुधारले. आवडलं तर आवडलं म्हणायला लागले आणि समोरचा जे बोलेल तेवढंच खरं धरायला लागले.

मध्यंतरी ऑफिसनं विचारलं, परत घराकडे, ऐरोलीच्या शाखेत जाणार का, शुक्रवारपर्यंत सांग. बाबांनंतर आई कात्रपला एकटी आहे, माझा जीव तुटत होता. लगेच फोन केला.

“कशाला येतेस?” आई म्हणाली. “इथे काय ठेवलंय? रस्ते खणून टाकलेत, पाण्याची बोंब, तुझ्या खोलीच्या भिंतीला ओल आलीये. तिकडेच बरी आहेस तू.”

फार लागलं मला. तिला मी नको आहे, असंच मी धरून चालले आणि नकाराची मेल लिहून ठेवली. पाठवायला मात्र हात होईना.

गुरुवारी तिचाच फोन आला. “आणि हो, तुझ्या खोलीचा पंखाही कुरकुरतो. उद्या माणूस येतोय बघायला. ओलीची भिंतही खरवडून घेतली. पण रंग काही धड लागणार नाही, सांगून ठेवते. चल, ठेवते.”

पण ठेवला नाही. “ठेवते हं,” म्हणाली आणि थांबली. मग पुन्हा, “ठेवू ना?”

आणि मला ती बाजारात दिसली, वाकून चपलेचा पट्टा सारखा करताना. अगं बाई, पट्टा कधीच सैल नसायचा!

मी म्हटलं, “अदी, सुनो तो.”

आई रडवेल्या आवाजात म्हणाली, “फायनल बोलो.”

“येते गं मी.”

तुम्ही विचारता, ताई, आता घर कुठलं? खोटं कशाला बोलू, इथल्या सरळ माणसांनी मला चांगलं सांभाळलं, यांची आठवण येईलच. पण माझ्या येण्यासाठी भिंत खरवडून घेणारं माणूस एकच आहे, आणि ते कात्रपला आहे.

सध्या सामान बांधतेय. सकाळी आईचा निरोप आला, ते जॅकेट तिकडेच टाकून ये, अस्तर अगदीच हलकं आहे.

मी ते बॅगेत सगळ्यात वर ठेवलंय.