दवाखान्यातली येसकरपाळी

“वरतून टाक सूनबाई. दूर राह्य रे, दूर.”

शेजारच्या पलंगावरचे नाना असं म्हणाले आणि त्यांच्या सुनेने अर्धी भाकर वरून सोडली. ती माझ्या वडिलांनी पसरलेल्या टॉवेलमध्ये पडली. आबांनी टॉवेल कपाळाला लावला आणि ते पुढच्या पलंगाकडे निघाले. हातात सलाईनची सुई तशीच. रक्त पट्टीबाहेर आलेलं.

जळगावातला खाजगी दवाखाना. संध्याकाळी वॉर्डात डबे उघडण्याची वेळ. मी खालून औषधं घेऊन आले, तर दारातून हे दिसलं. आबा प्रत्येक पलंगापासून दोन हात लांब थांबत होते. खाली बघत हाळी देत होते.

“माय वं, येसकरनी भाकर! आज आम्नी पाळी शे.”

माझे आबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. विसरण्याचा आजार जडला तेव्हा आधी माझं नाव गेलं. मग माझ्या आईचं मरण गेलं, ते तिला घरभर शोधायचे. मग शाळा गेली, फळा गेला, पाढे गेले. न्यूमोनियाच्या तापात ते आणखी मागे गेले. महारवाड्यातल्या एका लहान मुलापर्यंत पोचले आणि तिथे थांबले.

गावची वेस राखायची, सांगावे पोचवायचे, मेलेली गुरं ओढायची. त्याच्या बदल्यात, ज्या घराची पाळी असेल त्याने संध्याकाळी दारोदार भाकर मागून आणायची. तो येसकर. आबा लहानपणी माझ्या आजीबरोबर जायचे. पुढे वस्तीने ठरवलं, मागायला जायचं नाही. आजीने भाकरीची टोपली चुलीत घातली. कित्येक दिवस उपाशी काढले, पण कुणी गेलं नाही. हे आबांनी मला एकदाच सांगितलं होतं. पुन्हा कधी विषय काढला नाही.

आणि आता ते वॉर्डभर मागत होते.

मी धावत गेले. टॉवेल ओढला. भाकरी फरशीवर पडली. आबा वाकले, ती उचलून पुसली आणि माझ्या हातात दिली. मी त्यांना त्यांची आई वाटले असणार.

“ले माय. आज गंज मिळनी, पोटभर. तुले भूक लागनी व्हई ना?”

कुणीतरी हसलं. एका मुलाने मोबाईल वर धरला होता.

नानांचा मुलगा कापसाच्या जिनिंगचा मालक. पांढरे इस्त्रीचे कपडे. चार दिवस तो मला “मॅडम, बसा ना” म्हणत होता. आमच्या डब्यातलं वांग्याचं भरीत त्याने मागून खाल्लं होतं. तो माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, “मॅडम, तुम्ही त्यातल्या होय? वाटत नाही हो.”

मला लाज वाटली. त्याची नाही. आबांची. आपला बाप इथे नसता तर बरं होतं, असं वाटलं. पुस्तकं वाचून, कॉलेजात शिकवून माझं आयुष्य गेलं होतं. त्या क्षणी त्यातलं एक वाक्य उपयोगी पडलं नाही.

सकाळी व्यवस्थापकाने बोलावलं. त्याने नजर मोबाईलवरून काढली नाही.

“तुमचे बाबा भीक मागतात, तक्रारी आल्यात. चोवीस तासांचा माणूस लावा, त्याचे पैसे वेगळे. नाहीतर बांधून ठेवावं लागेल.”

विमा कंपनीने न्यूमोनियाचा खर्च मान्य केला होता. विसरणाऱ्या माणसाजवळ कुणी बसायचं, हा खर्च त्यांच्या लेखी आजारात येत नव्हता. घरी दिवसभर आबांजवळ थांबणाऱ्या बाईंना देऊन माझ्या पगारातलं फारसं उरत नव्हतंच. मी धुळ्याला भावाला फोन केला.

“बांधू दे ना अक्का. त्यांना कुठे काय कळतंय? मला या महिन्यात नाही जमायचं.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. रजा मागायला कॉलेजात गेले.

संध्याकाळी परतले तेव्हा आबांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. गाठीखालची कातडी निळसर झाली होती. डबे उघडले, वास सुटला आणि बांधलेल्या हातांनीच आबांनी हाळी दिली.

“माय वं, येसकरनी भाकर!”

“आज येसकर खुट्याले बांधेल शे,” नाना म्हणाले. वॉर्ड हसला. अगदी मोकळेपणाने, घरातल्या गमतीवर हसावं तसा.

मी गाठी सोडायला लागले. सुटेनात. दातांनी सोडवल्या.

“मॅडम, काही झालं तर जबाबदारी तुमची,” सिस्टर म्हणाली.

“माझीच.”

मग मी नानांच्या पलंगापाशी गेले.

“माझे आबा भीक मागत नाहीत. तुमच्या गावाची राखण केल्याची मजुरी मागताहेत. तुम्ही ती शिळ्या भाकरीत दिलीत, आणि तिला भीकही तुम्हीच म्हणालात.”

जिनिंगवाला उठला. “अहो मॅडम, जुना काळ गेला तो. कशाला उकरता?”

“गेला? काल तुमच्या नानांनी वरून टाकायला सांगितलं तेव्हा गेला होता का?”

त्याने डबा बंद केला.

आबा तोवर पलंगावरून उतरले होते. टॉवेल पसरला होता. मी त्यांना अडवलं नाही. त्यांचा दंड धरला आणि त्यांच्याबरोबर निघाले. प्रत्येक पलंगापाशी मी आबांना पुढे नेलं, अगदी कठड्याला टेकेपर्यंत. ते मागे सरायचे, मी पुन्हा पुढे न्यायची.

“हे माझे वडील. शिक्षक होते. लहानपणी येसकरपाळी केली आहे. द्यायचं असेल तर हातात द्या.”

काहींनी दिलं. एका बाईंनी आबांचा हात हातात घेऊन पोळी ठेवली. काहींनी तोंड फिरवलं. नाना भिंतीकडे वळून झोपले. लाज गेली नव्हती. लाजेसकट चालत होते.

दवाखाना सुटेपर्यंत मी बिनपगारी रजा काढून आबांपाशी बसले. रोज संध्याकाळी आम्ही दोघं वॉर्डभर फिरलो. पुढे घरीच, एका दुपारी, आबा गेले.

उद्या धुळ्याला भावाच्या कॉलनीत शोकसभा आहे. तो मघाशी म्हणाला, “अक्का, आबा मास्तर होते तेवढंच सांग. ते वॉर्डातलं नको. इथे आपलं कुणाला माहीत नाही. पोरीच्या लग्नाचं बघतोय मी.”

त्याची भीती खोटी नाही. लोक कुजबुजतील. एखादं स्थळ परत जाईल. भाऊ माझ्याशी बोलणं टाकेल.

तरी मी सांगणार आहे. आबा मास्तर होते, आणि येसकराचं पोर होते. त्यांना कशासाठी बांधलं, कोण हसलं, आणि पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्या हातातला टॉवेल का ओढला, तेही सांगणार आहे. उभं राहून, शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.