बेटावरच्या गोवराची बोळवण

धरणाचं पाणी चढलं की आमच्या आरोग्य उपकेंद्राखालची एक वस्ती बेट होते. रस्ता पाण्याखाली जातो आणि पुढचे काही महिने मी लसीचा डबा मांडीवर घेऊन होडीतून जाते-येते. राहुरीच्या नातेवाइकांना सांगितलं की मी बेटावर नोकरी करते, तर ते हसतात. त्यांनी एकदा त्या होडीत बसून दाखवावं.

त्या पावसाळ्यात वस्तीत गोवर शिरला. दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले, घराघरांत फोडणी बंद झाली. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती, लिंबाच्या पाल्यानं कुणाचं वाईट होत नाही. पण गोवर आला म्हणजे देवी पाहुणी आली, आणि पाहुणीच्या पाया पडायला शेजारच्या बायका आपापली लेकरं कडेवर घेऊन यायच्या. आजारी पोराच्या उशाशी सगळ्या वस्तीची पोरं. सांगून सांगून माझा घसा बसला. एकजण म्हणाली, "बाई, न्हाई गेलं तर देवी कोपंल की." म्हटलं, मी कधीची कोपलेय, त्याचं काय?

एका घरात दीड वर्षाचा मुलगा आजीच्या मांडीवर होता. अंगावरचं पुरळ काळपट पडत आलं होतं, पण ताप उतरला नव्हता आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. न्यूमोनिया. त्याला ऑक्सिजन हवा होता आणि ऑक्सिजन तालुक्याच्या दवाखान्यात, पाण्यापलीकडे. होडी हाकेच्या अंतरावर होती. ती चालवणारा तर मुलाचा सख्खा चुलता. मला वाटलं, सुटले.

"न्हाई," चुलता म्हणाला. "देवी अंगात हाय तवर पानी वलांडत न्हाईत."

आजीनं मान डोलावली. "आदी बोळवण कराया लागंल. दहीभात करून वाटंला लावायचं तिला. मंगळवारी करू की."

तो शनिवार होता. मुलाची आई चुलीपाशी उभी होती, ती वळून चुलीतली लाकडं सारायला लागली. मला तिचाही राग आला.

मी डॉक्टरांचा धाक घातला, सरपंचांचं नाव घेतलं, आवाज चढवला. कुणी ढिम्म हललं नाही. शेवटी मी वैतागून म्हणाले, "आजी, पाहुणीलाच जायची घाई असेल तर तुम्ही तिला मंगळवारपर्यंत डांबून ठेवणार का?"

आजी विचारात पडली. "आज चालतंय व्हय?"

"चालतंय," मी ठणकावून सांगितलं. नर्सिंगच्या कॉलेजात देवीचे वार कुणी शिकवले नव्हते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मग भात चुलीवर चढला. पोर धापा टाकतंय आणि आम्ही भात शिजायची वाट बघतोय. शेजारून दही आलं, ते आंबट म्हणून परत गेलं. मी दातओठ खात बसले. दुसरं दही आलं. आजीनं नैवेद्य पाण्याच्या कडेला ठेवला, हात जोडले, आणि इतका वेळ अडून बसलेला चुलता निमूट होडीत चढला.

दवाखान्यात मुलाला ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. बाहेर बाकड्यावर मी आणि त्याची आई. दिवसभराचा राग माझ्या ओठांवर होता. वेळेवर लस टोचून घेतली असती तर ही वेळ आली नसती, हे मी तिला आता ऐकवणारच होते.

तीच आधी बोलली. "बाई, मागं तुमी सुई घेऊन आल्ता ना, तवा मी घरीच हुते. होडी दिसली आन याला घेऊन उसात जाऊन बसले. सुईनं ताप येतो म्हनून. तुमी हाका मारत हुता. ह्यो रडाया लागला, तर मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. लई येळ."

आतून त्याच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

"तवापासनंच त्याचा दम अडकला का वो?"

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. पुढचं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.