भिंगरीला दूध आलं

भाट्याच्या हौसाबायला गावात कुणी वाईट म्हणत नसे. नवरा आत्माराम होडीवर तांडेल होता. तो तापानं गेला तेव्हा तिच्या पदरात एकच मुलगा होता, काशीराम. किनाऱ्यावर सुकट वाळवायची आणि रत्नागिरीच्या बाजारात नेऊन विकायची, असं करून तिनं त्याला वाढवलं. पुढं तो मुंबईला गोदीत लागला आणि केळशीची कमळा सून म्हणून घरात आली. तरी हौसाबायचं काम काही सुटलं नाही. सकाळी वाळूवर जाळं पसरायचं, त्यावर सुकट घालायची आणि राखण भिंगरीवर सोपवून घरच्या कामाला लागायचं.

भिंगरी ही तिची कुत्री. रंगानं तांबूस, एक कान उभा तर एक पडलेला. सुकट वाळत असली की ती जाळ्याभोवती अशी गरगर फिरायची की कावळ्याची खाली उतरायची टाप नव्हती. म्हणून तर नाव भिंगरी पडलं. स्वतः मात्र सुकटीला तिनं कधी तोंड लावलं नाही.

अडचण एकच होती. कुत्री वर्षाला दोनदा व्यायची. एखादं तगडं पिल्लू नर असलं तर कुणीतरी राखणीला घेऊन जाई. माद्या कुणालाच नको असत. मग हौसाबाय पिल्लं टोपलीत घालायची आणि शेजारच्या दादूच्या होडीत ठेवायची. "पलीकडं मासळी उतरते ना, तिथं सोड रे. पोटाला तरी मिळंल," असं सांगायची आणि होडी सुटायच्या आत पाठ फिरवायची. पोटाला मिळत होतं की नाही, हे तिनं दादूला कधी विचारलं नाही. दादूनंही कधी सांगितलं नाही.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर भिंगरी पुन्हा व्यायली. टोपली होडीत गेली तेव्हा तिला मागच्या पडवीत बांधून ठेवलं होतं. तिनं दोरी कुरतडली आणि थेट पाण्यात उडी घेतली. ओहटी लागलेली, खाडीचं पाणी समुद्राकडं ओढ घेत होतं. दादूनं परतताना तिचं डोकं पाण्यावर पाहिलं, हाका मारल्या, पण ती वळली नाही.

दिवेलागणीला ती परत आली. अंग गारठलेलं, पाय लटपटत होते, तोंडात एक पिल्लू होतं. ते तिनं आपल्या जागेवर नेलं नाही. हौसाबाय दारात तांदूळ निवडत बसली होती, तिच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि मान वर करून बघत राहिली. पिल्लू केव्हाच मेलेलं होतं. पण भिंगरीचा विश्वास असा, की आता पुढचं काय ते ही बाई करील.

हौसाबायनं ते माडाच्या बुडाशी पुरलं. त्या दिवशी ती जेवली नाही. कमळेनं विचारलं तर म्हणाली, "पोटात बरं नाय."

पुढच्या चैत्रात बाजारात एक बातमी कानावर आली. गुरांच्या सरकारी दवाखान्यात मुंबईची कुठलीशी प्राण्यांवर दया करणारी मंडळी महिन्यातून एकदा येत होती आणि कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं करत होती. पैसे अगदी औषधापुरते घेत. बाजारात त्याची थट्टाच जास्त चालली होती. "मागं माणसांची नसबंदी झाली, आता कुत्र्यांची काढलीय," असं म्हणून लोक हसत. हौसाबाय हसली नाही. डॉक्टर पुन्हा कधी येणार, तेवढं तिनं विचारून घेतलं.

शेजारच्या सखूला ती हे बोलली, तेव्हा सखूनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"घरात सून पोटुशी हाय तुझी. पहिलटकरीण. आणि तू मुक्या जनावराची कूस कापाय निघालीस?"

"मग काय करू गो? दर खेपेला टोपली भरू?"

"आजवर भरलीस ना? आणखी एकदा भर. सुनेचं मोकळं होऊ दे, मग काय ते कर."

सखू वाईट मनानं बोलली नव्हती. पण हौसाबायच्या डोळ्यांपुढं ती टोपली आली आणि तिनं ठरवलं. कमळेला यातलं काही सांगायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

ठरल्या दिवशी भिंगरीला घेऊन ती दादूच्या होडीत बसली. कुत्रीला वाटलं असावं, आज आपल्याला फिरायला नेतायत. ती होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पुढचे पाय ठेवून वारा खात उभी राहिली. दादू वल्हं मारताना एकदाच बोलला, "काकी, हे बरं करताय."

दवाखान्याच्या आवारात बैल अडकवायचा लाकडी खोडा होता. त्याच्या पलीकडच्या खोलीत एक टेबल मांडून त्यावर रबरी कापड घातलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला मऊ. तिनं भिंगरीचं पोट दोन्ही हातांनी चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि म्हणाली, "मावशी, ही गाभण आहे."

"नाय वो. पोट कुठं दिसतंय?"

"दिवस थोडेच झालेत, म्हणून दिसत नाही. ऑपरेशन करता येईल, तिला धोका फारसा नाही. पण पोटातली पिल्लं जातील. तुम्ही सांगा काय करायचं ते. पावसाळ्यात आम्ही येत नाही. आता एकदम दसऱ्यानंतर."

हौसाबाय टेबलाशी उभी राहिली. बाहेर लोक आपापली जनावरं धरून ताटकळले होते. तिच्या मनात आलं, परत न्यावी. मग पावसात पिल्लं होतील, खाडीला उधाण असेल, आणि भिंगरी त्यातही उडी मारील. आणि मग मनात कमळा आली, दारात बसून पोटावर हात ठेवून बाळाची दुपटी शिवणारी. हे दोन्ही विचार एकमेकांना ढकलत राहिले. डॉक्टरीणबाईनं घाई केली नाही.

"करा," हौसाबाय म्हणाली.

भिंगरीचं तोंड पट्टीनं बांधायचं होतं. अनोळखी हाताला ती दात दाखवू लागली, तेव्हा कंपाउंडर म्हणाला, "बाई, तुम्हीच बांधा. तुमचं ऐकंल." आणि खरंच तिनं ऐकलं. हौसाबायच्या हातात तिनं आपणहून तोंड दिलं. सुई टोचली तेव्हासुद्धा ती तिच्याकडंच बघत होती. डोळे मिटेपर्यंत बघत होती.

संध्याकाळी दादूनं गुंगीतल्या कुत्रीला उचलून पडवीत ठेवलं. कमळा धावत आली. "काय झालं हिला?"

"बांधावरची तार लागली पोटाला. टाके घालून आणलं," हौसाबाय म्हणाली. इतकं सरळ खोटं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली, आणि कमळेनं ते खरं मानलं, हळद घालून दूध तापवून आणलं.

जखम चांगली भरली. टाकेही निघाले. हौसाबायला वाटलं, सुटले. पण त्यानंतर भिंगरीचं राखणीत लक्ष लागेना. जाळ्यावर कावळे उतरू लागले. पडवीमागं नारळ सोलून निघालेल्या सोडणांचा ढीग होता, त्याच्या आडोशाला तिनं खड्डा उकरला आणि ती तिथं जाऊन पडून राहू लागली. एक दिवस हौसाबाय भात घेऊन गेली, तर भिंगरीनं एक सोडण पोटाशी घेतलं होतं आणि ती ते चाटत होती. आचळं तटतटून भरली होती. एका आचळातून दुधाचा थेंब मातीत पडत होता.

हौसाबाय हातात भाताचं ताट घेऊन तशीच खाली बसली.

"आते," मागून कमळेचा आवाज आला. तीही येऊन उभी होती. "हिला दूध आलंय. पिल्लं कुठायत?"

आता खोटं सुचणं शक्य नव्हतं. हौसाबायनं मान खाली घालूनच सगळं सांगितलं. गाभण होती हे सांगितलं, आपणच 'करा' म्हटलं हेही सांगितलं. कमळेचा हात आपल्या पोटावर गेला आणि तिथंच राहिला. मग ती आत गेली.

आठवडा झाला नाही तोच केळशीहून तिचा भाऊ न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच होती. पण न्यायचं ठरलं होतं ते पुढच्या महिन्यात. एसटीत बसताना कमळेनं वाकून नमस्कार केला, पण नजर वर केली नाही. हौसाबाय समजायचं ते समजली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सखूनं त्या दिवसांत तो विषय काढला नाही, आणि तेच हौसाबायला जास्त लागे. रोज सकाळी ती भैरीच्या देवळात जाऊन उभी राही. मागणं एकच, जे काय द्यायचं ते मला दे, पोरीला नको. देवळातून आली की सोडणाच्या ढिगामागं जाऊन भिंगरीच्या आचळांवर थंड पाण्याचं फडकं ठेवायची. दवाखान्यात जाऊन विचारलं, तेव्हा कंपाउंडरनं तसं सांगितलं होतं. भिंगरी तिला हात लावू देई. गुरगुरली असती तर हौसाबायला बरं वाटलं असतं.

श्रावणात निरोप आला. कमळेला मुलगी झाली, दोघी सुखरूप. सखू साखर घेऊन आली. म्हणाली, "बघ, काय झालं नाय. उगाच जीव टांगून बसली होतीस." हौसाबायनं साखर तोंडात घातली आणि तिला रडू आलं. सखूला वाटलं आनंदाचं. थोडं आनंदाचं होतंही. पण आपली शिक्षा टळली आणि भिंगरीची टळली नाही, हे काही तिला कुणापाशी बोलता आलं नाही.

गणपतीनंतर कमळा बाळाला घेऊन परत आली. पहिल्याच दुपारी, बाळ निजल्यावर, ती सासूजवळ येऊन बसली.

"आते, मी भिऊन गेले होते."

"मला कळलं होतं गो."

"तिकडं आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, तुझ्या सासूनं एकटीनं कसं काय केलं असंल." कमळा थोडं थांबली. "मला तेव्हाच सांगायचं होतंत. मी आले असते सोबत. किंवा नको म्हटलं असतं. पण खोटं कशाला?"

"तू नको म्हटलं असतंस, म्हणून," हौसाबाय म्हणाली. कमळेनं यावर मान हलवली. रागावली नाही, पण 'असू दे' असंही म्हणाली नाही.

दसऱ्यानंतर डॉक्टरीणबाई पुन्हा आली. कमळेचं सुखरूप झालेलं पाहून एव्हाना वाडीतल्या दोन-तीन घरांना आपल्या कुत्र्या नेऊन आणाव्यात असं वाटू लागलं होतं, पण टेबलाशी उभं राहायला कुणी धजत नव्हतं. हौसाबाय गेली. खुद्द सखूचीच कुत्री होती पहिली. तिचं तोंड बांधायच्या आधी हौसाबायनं डॉक्टरीणबाईचा हात धरला. "आधी नीट बघा. गाभण असली तर मी परत नेतंय."

ती गाभण निघाली. हौसाबायनं तिला होडीत घातलं आणि परत आणलं. पिल्लं झाली तेव्हा ती डोळे उघडून खेळायला लागेपर्यंत हौसाबाय थांबली. मग एकेक पिल्लू काखेत मारून दारोदार फिरली. कर्ल्याला गेली, पार पावस गावापर्यंत गेली. माद्यासुद्धा खपवल्या. जिथं दिली त्या घरी महिन्याभरानं जाऊन बघूनही आली. सगळी जगली नाहीत, पण कुठली जगली आणि कुठली गेली हे तिला ठाऊक होतं.

पुढं कितीतरी वर्षं भाट्यात कुणाला कुत्री दवाखान्यात न्यायची असली की हौसाबायला हाक जाई. लोक म्हणत, पुण्यवान बाई. ती म्हणे, "पुण्य कसलं. तोंड बांधायला कुणीतरी ओळखीचं लागतं, म्हणून जातंय."